आकड्यांचा मुकुट

पट्टकृमीला तोंड नसतं. जठर नसतं, डोळे नसतात. आयुष्यभर दुसऱ्याच्या आतड्यात राहणाऱ्या या जीवाला स्वतःचं आतडंही नसतं. पचलेलं अन्न त्याच्या भोवतीनं वाहत असतं आणि तो ते सगळ्या अंगानं पिऊन घेतो. त्याच्या कातडीवर असंख्य सूक्ष्म रोम असतात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील इतके बारीक. आपल्या आतड्याच्या आतल्या अस्तराचं जे काम, ते याची बाहेरची त्वचा करते. जणू आतड्याची आतली बाजू उलटून बाहेर काढावी आणि तिचाच एक प्राणी व्हावा. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला त्याच्याबद्दल किळस वाटेनाशी झाली, आणि ती पुन्हा कधी आली नाही.

मी ज्या पट्टकृमीवर काम करते तो नदीच्या वामीत राहतो. कोकणातल्या वाचकांनी समुद्रातली वाम डोळ्यांसमोर आणू नये; ही वेगळी. शास्त्रात हिला मास्टासेंबेलस आर्मेटस म्हणतात. लांबट, सापासारखी, तपकिरी अंगावर गडद नक्षी, पुढे निमुळतं मांसल नाक आणि पाठीवर सुट्या काट्यांची रांग. ती रात्रीची. दिवसा वाळूत, दगडांच्या फटीत दडून बसते आणि अंधार पडला की किड्यांच्या अळ्या, गांडुळं, बारके मासे टिपत फिरते. पैठणला नाथसागराच्या काठावर भोई लोक पहाटे जाळी ओढतात तेव्हा रोहू-कटल्याच्या ढिगात एखाद-दुसरी वाम वळवळताना दिसते. चवीला उत्तम, म्हणून ती लगेच उचलली जाते. मला तिच्यातलं जे हवं असतं ते कुणालाच नको असतं.

“ताई, मासा न्या की. निस्तं आतडं घिऊन काय करता?” काठावरचे एक मामा मला दर वेळी विचारतात. मी सांगते, आत एक प्राणी राहतो, त्याला बघायचंय. मग त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: खाणाऱ्याला त्रास होतो का? होत नाही. हा कृमी माशाच्या आतड्यातच राहतो, आणि आतडं साफ करतानाच फेकलं जातं. माशामार्फत माणसाला होणारा मोठा पट्टकृमी निराळा, तो मुख्यतः थंड मुलखातल्या सरोवरांचा. एवढं ऐकून त्यांचं समाधान होतं आणि ते आतड्याचा गोळा पानावर ठेवून देतात. पैसे घेत नाहीत.

हे आतडं ताजं असावं लागतं. अगदी ताजं. मासा मेला की आतला कृमीही सैल पडू लागतो, त्याची त्वचा सुटू लागते, डोक्यावरचे आकडे गळतात. म्हणून मिठाच्या सौम्य पाण्याच्या बशीत आतडं उघडायचं ते तिथेच, काठावर, जमलं तर. बारीक कात्रीनं उभा छेद दिला की पिवळट द्रवातून शिजलेल्या शेवईसारखं पांढरं काहीतरी दिसतं. मग ती शेवई हलते. एक टोक पुढे ताणलं जातं, आखडतं, पुन्हा ताणलं जातं. ते डोकं. ते आतड्याच्या भिंतीत रुतलेलं असतं आणि ओढून काढायचं नसतं. वाट पाहायची. ब्रशच्या टोकानं हलकेच स्पर्श करत राहायचं. तो स्वतः सोडेपर्यंत थांबलं तरच मुकुट शाबूत मिळतो.

मुकुट म्हणजे या वंशाची ओळख. वंशाचं नाव सेंगा. डोक्याच्या माथ्यावर एक चकती असते आणि तिच्या कडेनं आकड्यांची एक ओळ. ओळ सलग नाही, दोन अर्धवर्तुळांत विभागलेली. काही आकडे मोठे, काही लहान. चकतीच्या खाली दोन बाजूंना दोन उथळ खाचा, धरून राहण्यासाठी. फ्रेंच कृमिशास्त्रज्ञ रोबेर दोल्फ्यूस यांनी १९३४ मध्ये हा वंश मांडला, आणि तोही पॅरिसजवळच्या व्हँसेन इथल्या मत्स्यालयात ठेवलेल्या एका झुंजार माशातून. तो मासा मूळचा सयामच्या पाण्यातला. काचेच्या पेटीतून अर्ध्या जगापलीकडे गेलेल्या इवल्या माशाच्या पोटात हा मुकुट सापडावा आणि पुढे त्याचे सगेसोयरे गोदावरीत निघावेत, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

कृमी मारण्याची रीत फार महत्त्वाची आहे. थंड फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर तो आक्रसून मरतो. दोन काचांमध्ये दाबून मारला तर चपटा आणि रुंद होतो. दोन्ही वेळा जे मोजमाप हाती येतं ते त्या कृमीचं नसतं, त्याच्या मरणाचं असतं. म्हणून आता चार टक्के फॉर्मॅलिन जवळजवळ उकळीला आणून त्यात जिवंत कृमी क्षणात सोडतात. तो होता तसा, सैल आणि लांब, स्थिर होतो. हे करताना हात जड होतो. सवय झाली म्हणून तो जडपणा गेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. फॉर्मॅलिनमध्ये सोडण्याआधी त्याच्या मागच्या भागातला एक छोटा तुकडा कापून तीव्र अल्कोहोलच्या कुपीत ठेवायचा, डीएनएसाठी. बाकीचं शरीर काचपट्टीसाठी. एकाच प्राण्याचं रूप आणि त्याची जनुकं दोन्ही राहिली की उद्या कुणाला शंका आली तर दोन्ही एकमेकांशी ताडून पाहता येतात.

मग रंग. आमच्याकडे बहुतेक कार्माइन वापरतात. हा लाल रंग मुळात निवडुंगावर राहणाऱ्या कोचिनियल नावाच्या किड्यापासून निघतो. एका किड्याच्या अंगचा लाल रंग दुसऱ्या जीवाचं अंतरंग दाखवतो. कृमी आधी गडद, जवळजवळ काळपट लाल होऊ द्यायचा आणि मग आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये तो रंग हळूहळू उतरवायचा. चढवणं सोपं, कसब उतरवण्यात. घाई केली तर सगळं फिकट, उशीर झाला तर सगळं गच्च. मधे एक वेळ अशी येते की मांस गुलाबी धूसर होतं आणि अवयव मात्र लाल उठून दिसू लागतात. ती वेळ ओळखायला कुणी शिकवू शकत नाही; शेजारी उभं राहून कुणी “आता” म्हणावं, एवढंच. मला ज्यांनी “आता” म्हटलं त्या बाई आज निवृत्त आहेत. अजूनही रंग उतरवताना मी त्यांच्या आवाजाची वाट पाहते.

पुढे अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, पाणी निघून जाईपर्यंत. शेवटी लवंगतेल. काचेच्या भांड्यातल्या त्या तेलात धुरकट कृमी घातला की कडांपासून आत एक पारदर्शकपणा सरकत जातो. खोलीभर लवंगेचा वास असतो आणि समोर एक शरीर उजळत असतं. हे पाहताना मी कधी घाईत असू शकत नाही.

आणि मग काय दिसतं! पट्टकृमी मानेपाशी वाढतो. नवे खंड तिथे तयार होतात आणि जुने मागे ढकलले जातात, म्हणून डोक्याजवळचा खंड सर्वांत कोवळा आणि शेपटीकडचा सर्वांत वयस्क. एकाच काचपट्टीवर डावीकडून उजवीकडे नजर फिरवली की सगळं वय वाचता येतं. सुरुवातीला नुसत्या आडव्या रेघा. मग खंडाच्या दोन्ही बाजूंना वृषणांचे बारीक गोल ठिपके उमटू लागतात. मग मागच्या कडेला दोन पाळ्यांचं अंडाशय. प्रत्येक खंडात नर आणि मादी दोन्ही. सगळ्या खंडाभर पीतक ग्रंथींचे दाणे, इतके दाट की बाकीचं त्यांच्याआडून शोधावं लागतं. त्यांतून वाट काढत जाणारी गर्भाशयाची नागमोडी नळी, तिच्या टोकाला एक पिशवी, आणि शेवटच्या खंडांत ती पिशवी अंड्यांनी इतकी फुगलेली की दुसऱ्या कशाला जागाच उरलेली नाही.

हे सगळं मी हातानं काढते. सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा ल्युसिडा बसवला की एका डोळ्यात खंड आणि त्याच्यावरच आपल्या पेन्सिलीचं टोक, दोन्ही एकत्र दिसतात. छायाचित्र जरूर घ्यावं, पण ते एका पातळीवरचं असतं. रेखाटताना मात्र प्रत्येक रेघेला उत्तर द्यावं लागतं: ही नळी त्या ग्रंथीच्या वरून जाते की खालून? इथे भिंत आहे की नुसती सावली? माहीत नसेल तर पुन्हा काचेकडे जायचं. चित्र काढून झालं की कळतं, आपण आधी नुसतं बघत होतो, पाहिलं आत्ता.

आता कळीचा प्रश्न. माझ्यासमोरचा हा कृमी नवा आहे का?

मराठवाड्यात हा प्रश्न फार पूर्वीपासून विचारला जातो आहे. औरंगाबादच्या विद्यापीठात, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, डॉ. जी. बी. शिंदे, डॉ. बी. व्ही. जाधव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पट्टकृमींच्या अभ्यासाची एक मोठी परंपरा उभी केली. नाथसागराचं धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं, आणि १९८० च्या आसपास या भागातून सेंगा गोदावरीआय, सेंगा औरंगाबादेन्सिस, सेंगा पैठणेन्सिस अशी नावं शास्त्रात दाखल झाली. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात सेंगाचा अभ्यास करणाऱ्याला पैठण हे नाव वाचावंच लागतं. पैठणी आणि नाथांचं पैठण, तसं पट्टकृमींचंही पैठण. सायकलवर बर्फाचा डबा बांधून मासे आणणाऱ्या, वसतिगृहातल्या खोलीत रात्री प्रबंध लिहिणाऱ्या मुलांनी हे केलं. मी त्यांचीच वारस आहे आणि हे मी अभिमानानं सांगते.

पण वारसा म्हणजे तपासणीही. गोड्या पाण्यातल्या माशांच्या पट्टकृमींचा आणखी एक वंश आहे, गँजेसिया. वुडलंड यांनी १९२४ मध्ये गंगेच्या नावावरून मांडलेला. भारत आणि आग्नेय आशियातून त्याच्या आणि त्याच्या एका जवळच्या वंशाच्या मिळून ४८ जाती नोंदवल्या गेल्या होत्या. अनिर्बाण अ‍ॅश, तोमाश शॉल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, बांगलादेश, कंबोडिया आणि थायलंडमधून ताजे नमुने गोळा केले, जुने जिथे मिळाले तिथे तपासले, जनुकांचे क्रम लावले. २०१२ मध्ये त्यांनी लिहिलं: ४८ पैकी फक्त ४ जाती खऱ्या. बाकी नावं त्याच चारांची वेगवेगळी रूपं. कुणी आक्रसलेला कृमी मोजला होता, कुणी दाबलेला. शिळ्या माशातल्या कृमीचं डोकं झिजलेलं होतं आणि आकडे गळालेले होते, तर तेच त्याचं वैशिष्ट्य म्हणून नोंदलं गेलं होतं.

हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. एका पिढीची मेहनत एका तक्त्यात पुसली जाताना दिसत होती. नंतर तो पुन्हा पुन्हा वाचला आणि माझं मत बदललं. त्या तक्त्यात प्रत्येक जुनं नाव आहे, वर्ष आहे, मांडणाऱ्याचं नाव आहे. काहीही पुसलेलं नाही. जिथे ठेवायला हवं तिथे ठेवलेलं आहे. खरी खंत वेगळीच आहे. कित्येक जातींचे मूळ नमुने कुठे मिळालेच नाहीत. ज्या काचपट्टीवरून वर्णन लिहिलं गेलं ती काचपट्टी नाही. बाटली वाळली, लेबल उडालं, कपाट हललं, माणूस निवृत्त झाला. मग वर्णन बरोबर होतं की चूक हे कुणीच सांगू शकत नाही. ते नाव ना जिवंत, ना मृत. एखाद्यानं प्रामाणिकपणे पाहिलेली गोष्ट अशी अधांतरी लटकत राहावी, याहून वाईट काय?

म्हणून माझ्या मते नवी जात मांडण्याचा गाभा नावात नाही, त्या एका नमुन्यात आहे. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती २००० पासून लागू झाली. तेव्हापासून नवी जात मांडताना मूळ नमुना कोणता, हे स्पष्ट सांगावंच लागतं, आणि तो संग्रहात ठेवलेला असेल तर कुठल्या संग्रहात, हेही. तो कोलकात्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाकडे ठेवता येतो, एखाद्या परदेशी संग्रहालयातही ठेवता येतो. मला पटतं ते असं: एक संच इथे, एक दूर. आग, पूर, वाळवी, विस्मरण, सगळ्यांना एकाच वेळी सगळीकडे पोहोचता येत नाही. मी जे पाहिलं ते माझ्यानंतरच्या कुणाला माझ्याशिवाय पाहता आलं पाहिजे. त्याला ते वेगळं दिसलं तर त्याचं ऐकायचं.

“एवढ्या बारक्या किड्यासाठी?” असं घरचेही विचारतात. हो, एवढ्यासाठीच.

या किड्याचा प्रवास पाहा. त्याच्या कुळातल्या जातींची अंडी माशाच्या विष्ठेबरोबर पाण्यात पडतात. अंड्यातून केसाळ, गोल, पोहणारी एक अळी बाहेर येते. तिच्या आत सहा इवले आकडे असलेला गर्भ. ती तशी फार वेळ जगू शकत नाही. तेवढ्यात सायक्लॉप्स नावाच्या पाण्यातल्या एखाद्या इवल्या जीवानं तिला गिळलं पाहिजे. हा सायक्लॉप्स जुन्या पिढीला चांगला ठाऊक आहे. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्या, असं गावोगाव सांगितलं जायचं ते त्याच्याचसाठी. नारूची अळी त्याच्याच पोटातून माणसात यायची. आपल्या देशातला शेवटचा नारूचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. सायक्लॉप्स मात्र तळ्यातच आहे आणि पट्टकृमीची वाट त्याच्यातूनच जाते. सायक्लॉप्सला बारका मासा खातो, बारक्या माशाला कधी मोठा. म्हणजे वामीच्या पोटात पट्टकृमी सापडला तर त्या पाण्यात सायक्लॉप्स आहे, त्याचं खाद्य आहे, आणि ही साखळी अजून तुटलेली नाही. एका पांढऱ्या धाग्यात आख्ख्या जलाशयाची बातमी असते. वाम संपली तर तिच्याबरोबर तिचे कृमी संपतील, आणि ज्यांना नावंच नाहीत ते गेल्याचं कुणाला कळणारही नाही.

उलटंही घडतं. जपानच्या यामागुती यांनी १९३४ मध्ये क्योतोजवळच्या ओगुरा सरोवरातल्या माशातून एका पट्टकृमीचं वर्णन केलं. त्याच काळात ते सरोवर उपसायला सुरुवात झाली होती आणि १९४१ पर्यंत तिथे भातशेती झाली. सरोवर गेलं, कृमी राहिला. गवत्या आणि कॉमन कार्प माशांच्या बीजाबरोबर तो जगभर पसरला. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत, ३०० हून अधिक जातींच्या माशांत आज तो नोंदलेला आहे, आणि कोवळ्या माशांना तो मारतो. १९३४ चं ते वर्णन आणि चित्रं नसती तर पुढे देशोदेशीच्या मत्स्यबीज केंद्रांना आपल्या तळ्यात काय शिरलं आहे, हे ओळखता आलं नसतं. जमिनीवर ज्या पाण्याचा मागमूस नाही ते पाणी एका वर्णनात शिल्लक आहे.

माझ्या वामीतल्या कृमीकडे परत येते. त्याच्या मुकुटातले आकडे ओळखीच्या जातींशी जुळत नाहीत. पण सेंगाचे आकडे गळतात, आणि केवळ आकड्यांच्या संख्येवर जात उभी करणं मला धोक्याचं वाटतं. एकाच वामीतल्या दोन कृमींत संख्या थोडी इकडेतिकडे असते. आकड्यांची लांबी जास्त भरवशाची. पीतक ग्रंथींची मांडणी त्याहून. ती मांडणी या कृमीत खरोखर निराळी दिसते आहे, आणि मी घेतलेल्या आडव्या छेदांतही ती तशीच निघाली. जनुकांचा क्रम वेगळा आला आहे, पण ज्यांच्याशी तुलना करायची त्या जुन्या जातींच्या जनुकांची नोंदच नाही. पैठणच्याच पाण्यातून वर्णन केलेल्या त्या जाती पुन्हा नव्यानं शोधून, गरम फॉर्मॅलिनमध्ये नीट स्थिर करून, त्यांचे क्रम लावल्याशिवाय माझा कृमी त्यांच्यापैकीच एक नाही, हे मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. म्हणजे नवं मांडायचं तर आधी जुनं पुन्हा पाहायचं. हे काम कुणी मोजत नाही, त्याला बढती नाही, पण ते टाळून पुढे जाणं मला जमणार नाही.

नाव मनात आहे. ते सांगत नाही, कारण छापून येईपर्यंत ते नाव नसतं. सध्या वहीत त्याच्यापुढे फक्त जलाशय आणि तारीख लिहिलेली आहे. पावसाळा संपला, पाणी निवळलं की उजनीला जायचं आहे. ते भीमेचं पाणी, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातलं. गोदावरीशी त्याचा संबंध नाही. तिथल्या वामींच्या पोटात हाच मुकुट, हीच मांडणी निघते की दुसरीच, ते आधी पाहते. तिथल्या एका भोईदादांशी फोनवर बोलणं झालंय. वाम मिळेल म्हणाले. फक्त पहाटे चारला काठावर हजर राहा.